जुना टॅबलेट : ताबा एकाचा, कुलूप दुसऱ्याचे

मुंबई-पुणे मार्गावरील पनवेल ही कोकणातील एक जुनी बाजारपेठ. येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची जागा महानगरपालिकेने घेतली. एका बाजूस सिडकोने वसविलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती आणि दुसऱ्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या, असे या तालुक्याचे दुहेरी स्वरूप आहे. वसाहतीतील नोकरदार असो वा वाडीवरील मजूर, मुलांच्या शिक्षणासाठी टॅबलेटची गरज आज दोघांनाही भासते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही गरज प्रथम तीव्रतेने जाणवली. शाळा पुन्हा सुरू झाल्या. परंतु अभ्यासाच्या चित्रफिती, सराव परीक्षा व प्रवेशाचे अर्ज यांसाठी टॅबलेटचा वापर चालूच राहिला.

नवा टॅबलेट घेणे ज्यांना परवडत नाही, ते साहजिकच वापरलेल्या टॅबलेटकडे वळतात. गावातील मोबाइल दुरुस्तीची दुकाने, इंटरनेटवरील जाहिराती, ओळखीपाळखीचे लोक आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठा येथून असे टॅबलेट मिळतात. वापरलेली वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. काटकसरीच्या दृष्टीने ते योग्य आहे आणि चालू स्थितीतील वस्तू कचऱ्यात जाण्याचेही त्यामुळे टळते. मात्र या व्यवहारात एक अडचण वारंवार उद्भवते. घरी आणलेला टॅबलेट पुसून नव्याने सुरू करावयास जावे, तर पडद्यावर आधीच्या मालकाच्या खात्याचे नाव व सांकेतिक शब्द मागितला जातो. तो दिल्याखेरीज टॅबलेट पुढे सरकत नाही. पडदा उत्तम, बॅटरी उत्तम, किंमतही पूर्ण चुकती केलेली. तरीही वस्तू निरुपयोगी ठरते.

शेतजमिनीच्या व्यवहाराचा अनुभव असलेल्यांना ही स्थिती चटकन समजेल. जमिनीचा ताबा मिळाला, पैसे दिले, परंतु फेरफार झाला नाही आणि सात-बाराच्या उताऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर पुढे अडचण येणारच. टॅबलेटचेही तसेच आहे. तो हातात आला म्हणजे ताबा आला. त्यावरील खाते निघाले म्हणजे फेरफार झाला. पहिली गोष्ट होऊन दुसरी राहिली, तर व्यवहार अपुराच राहतो.

कुलूप कशासाठी?

हे कुलूप ग्राहकाला त्रास देण्यासाठी निर्माण झालेले नाही. २०१० नंतरच्या काळात जगातील मोठ्या शहरांत महागडे मोबाइल व टॅबलेट हिसकावून नेण्याचे प्रकार फार वाढले होते. चोरलेले यंत्र पुसून टाकले की ते नव्यासारखे होई आणि सहज विकले जाई. चोरीचा माल विकलाच जाऊ नये अशी काही व्यवस्था उत्पादकांनी करावी, अशी मागणी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी अभियोक्त्यांनी २०१३ मध्ये लावून धरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपल कंपनीने आयफोन व आयपॅडसाठी अशी सोय उपलब्ध केली. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड प्रणालीच्या ५.१ या आवृत्तीपासून तशीच सोय आणली. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २०१४ मध्ये या विषयावर कायदा केला आणि कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १ जुलै २०१५ पासून अंमलात आला. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को व लंडन या शहरांत मोबाइल चोऱ्यांत लक्षणीय घट झाल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी २०१५ च्या आरंभी जाहीर केले.

तेव्हा कुलूप हे मूळ मालकाचे संरक्षण आहे, ही गोष्ट प्रथम मान्य करावयास हवी. आज जो खरेदीदार आहे, तोच उद्या मालक म्हणून या कुलपावर विसंबून राहणार आहे. अडचण उद्भवते ती, विकणारा मनुष्य वस्तू देतो पण खाते काढून घेण्यास विसरतो किंवा काढूच शकत नाही, तेव्हा.

कुलपाची रचना

टॅबलेट प्रथम सुरू करताना वापरणारा मनुष्य त्यात आपले खाते नोंदवितो. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये ते गूगलचे असते, आयपॅडमध्ये ॲपलचे. या नोंदणीमुळे विशिष्ट यंत्र आणि विशिष्ट खाते यांची सांगड घातली जाते.

आयपॅडच्या बाबतीत ही सांगड कंपनीच्या दूरस्थ संगणकावर नोंदलेली असते. पुसलेला आयपॅड सुरू होताना इंटरनेटद्वारे कंपनीकडे विचारणा करतो. तो कोणाच्या खात्याशी जोडलेला आहे असे उत्तर आले, तर त्या खात्याचा सांकेतिक शब्द मागितला जातो. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये खात्याची खूण यंत्राच्याच स्मृतीत, पुसण्याच्या क्रियेत न पुसल्या जाणाऱ्या एका वेगळ्या भागात ठेवलेली असते. पडद्याला कुलूप लावलेले असेल आणि यंत्र बाहेरून जबरदस्तीने पुसले गेले असेल, तर ते आधीच्याच खात्याची किंवा पडद्याच्या आधीच्या कुलपाची मागणी करते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. टॅबलेट पुसण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आतून, म्हणजे 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन पुसण्याचा. या मार्गात मालकाला आपला सांकेतिक शब्द द्यावा लागतो आणि खाते रीतसर निघते. दुसरा मार्ग बाहेरून, म्हणजे बटणे एकत्र दाबून किंवा संगणकास जोडून पुसण्याचा. यात माहिती जाते, पण कुलूप तसेच राहते. विक्रेता 'मी सर्व पुसून दिले आहे' असे प्रामाणिकपणे सांगत असला, तरी त्याने कोणत्या मार्गाने पुसले यावर सर्व काही अवलंबून असते.

याखेरीज दोन प्रकारची बंधने आढळतात. कंपन्या, शाळा व शासकीय कार्यालये यांनी एकगठ्ठा घेतलेल्या टॅबलेटवर पुष्कळदा संस्थेचे नियंत्रण असते. त्यात कोणते कार्यक्रम चालावेत हे संस्थेचा व्यवस्थापक दुरून ठरवितो आणि यंत्र पुसले तरी ते इंटरनेटला जोडताच नियंत्रण परत येते. दुसरे बंधन हप्त्यांनी घेतलेल्या यंत्रांवर आढळते. हप्ते थकल्यास यंत्र बंद पाडणारा कार्यक्रम काही ठिकाणी कर्ज देणाऱ्यांकडून बसविलेला असतो. असे यंत्र हप्ते फिटण्यापूर्वीच विकले गेले, तर भुर्दंड नव्या खरेदीदारास बसतो.

खरेदीपूर्वी करावयाची तपासणी

वरील सर्व बंधनांवर एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो पैसे देण्यापूर्वीच करावयाचा आहे. टॅबलेट विक्रेत्याच्या समक्ष पुसून, समक्ष सुरू करून पाहावा.

विक्रेता टॅबलेट चालू स्थितीत दाखवीत असेल, तर त्यावर समाधान मानू नये. तो त्याच्याच खात्यावर चालत असण्याचा संभव असतो. 'सेटिंग्ज' उघडून आत कोणाचे खाते आहे ते पाहावे, विक्रेत्याने स्वतःच्या हाताने ते काढावे आणि नंतर आतल्या मार्गानेच टॅबलेट पुसावा. पुसल्यावर यंत्र पुन्हा सुरू करून, आपल्या मोबाइलवरील इंटरनेटला जोडून, मुख्य पडदा दिसेपर्यंतच्या सर्व पायऱ्या पार कराव्यात. इंटरनेट जोडणे अत्यावश्यक आहे, कारण संस्थेचे नियंत्रण कित्येकदा जोडणी झाल्यावरच उघड होते. मध्येच कोणा अन्य व्यक्तीचे खाते मागितले गेले, किंवा हे यंत्र अमुक संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे अशी सूचना दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. या सर्व क्रियेस फार वेळ लागत नाही. विक्रेत्यास तेवढाही वेळ नसेल, तर तो टॅबलेट न घेणेच इष्ट.

दुसरी तपासणी क्रमांकाची. सिमकार्डची सोय असलेल्या प्रत्येक टॅबलेटला मोबाइलप्रमाणेच १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो 'सेटिंग्ज'मधील यंत्राविषयीच्या माहितीत पाहता येतो. फोन करण्याची सोय असल्यास *#०६# हे अंक दाबूनही तो दिसतो. यंत्र, खोका व मूळ बिल यांवरील क्रमांक जुळले पाहिजेत. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने अशा क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही तयार केली असून तिचा प्रारंभ २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा व नगर हवेली येथून झाला. मे २०२३ पासून 'संचार साथी' या संकेतस्थळाद्वारे ही सेवा देशभर उपलब्ध आहे. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे व त्यापुढे १५ अंकी क्रमांक लिहून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठविल्यास त्या यंत्राची स्थिती कळते. क्रमांक काळ्या यादीत आहे, दुबार आहे किंवा आधीच वापरात आहे, असे उत्तर आल्यास ते यंत्र घेऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारण्यात आलेल्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनी जुनी यंत्रे विकणाऱ्या व्यावसायिकांवरही अशी पडताळणी करण्याची जबाबदारी टाकली आहे.

परंतु या सोयीची मर्यादाही ओळखली पाहिजे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटला आयएमईआय क्रमांक नसतो. त्याला फक्त उत्पादकाचा अनुक्रमांक असतो. अशा टॅबलेटची नोंद या नोंदवहीत सापडणार नाही. तसेच आयएमईआय निर्दोष आढळला म्हणजे खात्याचे कुलूप नाही, असेही सिद्ध होत नाही. म्हणून समक्ष पुसून पाहण्याच्या तपासणीस पर्याय नाही.

तिसरी गोष्ट पावतीची. जनावरांच्या बाजारातही खरेदीची पावती घेण्याची रीत आहे. टॅबलेटच्या व्यवहारात ती का नसावी? विक्रेत्याचे नाव व पत्ता, टॅबलेटची जात, क्रमांक, किंमत व तारीख लिहून 'यावरील माझे खाते काढून दिले आहे' हे वाक्य पावतीवर असावे. मूळ बिल मिळत असल्यास ते अवश्य मागून घ्यावे. रक्कम रोख देण्याऐवजी बँकेमार्फत दिल्यास तोही एक पुरावा राहतो.

कुलूपबंद टॅबलेट हाती आल्यास

काळजी घेऊनही असा टॅबलेट घरी आला, तर प्रथम विक्रेत्याकडे आणि त्याच्यामार्फत मूळ मालकाकडे जावे. मूळ मालक मिळाला तर बहुतेक प्रकरणे सुटतात. आयपॅडचा मालक परगावी असला, तरी तो कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन ते यंत्र खात्यातून कमी करू शकतो. त्यासाठी आपला सांकेतिक शब्द दुसऱ्या कोणास सांगण्याची त्याला गरज नसते आणि खरेदीदारानेही तो मागू नये. अँड्रॉइड टॅबलेट मात्र मालकाकडे न्यावा लागतो. त्याने स्वतः खाते नोंदवून, मग आतल्या मार्गाने ते काढून टॅबलेट पुसावा. मालक सांकेतिक शब्द विसरला असेल, तर तो आपल्या मोबाइल क्रमांकाच्या साहाय्याने नवा घेऊ शकतो. मात्र गूगलचा शब्द बदलल्यावर टॅबलेट पुसण्यापूर्वी २४ तास थांबावे, अशी कंपनीची सूचना आहे. आयपॅडचे मूळ खरेदीचे बिल उपलब्ध असेल, तर त्याच्या आधारे कुलूप काढण्याची विनंती कंपनीकडे करता येते. मूळ बिल जपण्याचे महत्त्व येथे दिसून येते.

'कोणतेही कुलूप उघडून मिळेल' अशा जाहिरातींपासून दूर राहावे. त्यांपैकी काही निव्वळ फसवणुकीच्या असतात. काहींनी केलेला उपाय तात्पुरता ठरतो. यंत्र पुन्हा पुसले किंवा त्याची प्रणाली अद्ययावत झाली की कुलूप परत येते. अशा कामासाठी संगणकावर घेतलेले कार्यक्रम कित्येकदा घातक असतात आणि बँकेच्या माहितीपर्यंतही पोहोचू शकतात. आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे हा तर दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार गंभीर गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याची बाजू

माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये एक जुने तत्त्व स्पष्ट केलेले आहे. ज्याच्यापाशी मालकी नाही, तो सामान्यतः दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणजे टॅबलेट चोरीचा निघाला, तर खरेदीदाराने पूर्ण किंमत दिलेली असली तरी तो मूळ मालकाचाच राहतो. त्याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार, आपणास ही वस्तू विकण्याचा हक्क आहे, अशी हमी प्रत्येक विक्रेत्याने दिली आहे असे मानले जाते. ती खोटी ठरल्यास पैसे परत मागण्याचा हक्क खरेदीदारास आहे.

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून अप्रामाणिकपणे तो घेणे किंवा ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अजाणता खरेदी करणारा अपराधी नसतो. परंतु शंका येण्याजोगी अल्प किंमत, बिल नाही, खोका नाही आणि वर कुलूप, इतक्या खुणा समोर असताना अजाणतेपणाचा दावा करणे कठीण जाते. शंका आल्यास टॅबलेट दुसऱ्याच्या गळ्यात न मारता पावतीसह पोलीस ठाण्यात जावे. पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येतो.

दुकानदाराकडून खरेदी केलेली असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार घेता येतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथे आहे. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. व्यापारी नसलेल्या खासगी व्यक्तीकडून एखादी वस्तू घेतली असेल, तर हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. तेथे आपली पावती व आधी केलेली तपासणी हेच खरे संरक्षण.

शाळा व ग्रामपंचायतींची जबाबदारी

या विषयाची एक बाजू थेट शाळा, कार्यालये व ग्रामपंचायती यांच्याशी निगडित आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले. नागपूरच्या महाज्योती संस्थेमार्फत जेईई, नीट व एमएचटी-सीईटी या परीक्षांच्या प्रशिक्षणार्थ्यांना टॅबलेट देण्यात येतात. उद्योगांच्या सामाजिक निधीतून आणि दानशूर व्यक्तींकडूनही शाळांना टॅबलेट मिळतात. त्यांत वापरलेल्यांचाही समावेश असतो. अशा वस्तू संस्थेत येताना व संस्थेतून जाताना खात्याचा विचार झाला नाही, तर संस्था स्वतःच कुलूपबंद वस्तूंची धनी होते.

शाळेत टॅबलेट आला की तो सुरू करण्यासाठी एखादे उत्साही शिक्षक आपलेच वैयक्तिक खाते नोंदवितात. काही वर्षांनी त्यांची बदली होते. मागे कोणीतरी अडलेला टॅबलेट बटणे दाबून पुसतो आणि तो कायमचा अडकतो. जडवस्तू नोंदवहीत टॅबलेट शाळेचा, पण कुलूप बदलून गेलेल्या गुरुजींचे, अशी स्थिती होते. ही टाळण्यासाठी टॅबलेट पहिल्या दिवसापासून शाळेच्या स्वतंत्र खात्यावर सुरू करावा. खात्याचे नाव नोंदवहीत क्रमांकासमोर लिहावे आणि सांकेतिक शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या स्वाधीन ठेवावा. खात्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांकही कोणा एका व्यक्तीचा नसावा. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत टॅबलेटबरोबर खात्याचीही नोंद व्हावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

देणगी स्वीकारताना, दात्याने खाते काढून दिले आहे काय, हे समारंभापूर्वीच पाहावे; हार-तुरे झाल्यावर विचारणे अवघड जाते. तसेच जुन्या टॅबलेटचे निर्लेखन करून ते लिलावात काढताना खाते काढणे, संस्थेच्या नियंत्रणातून यंत्र मुक्त करणे आणि विद्यार्थ्यांची माहिती पुसणे या तीन बाबी पूर्ण झाल्याचा शेरा निर्लेखनाच्या प्रस्तावात असावा. तो नसेल, तर लिलावात घेणारा नागरिक फसतो आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे व माहिती अनोळखी हातात जाण्याचा धोका राहतो. पूर्णतः निकामी झालेली यंत्रे भंगारात न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे सोपवावीत.

पालकसभा, ग्रामसभा व बचत गटांच्या बैठका यांतून या विषयाची माहिती देणे कठीण नाही. वाडीवरील एखाद्या पालकाने वीटभट्टीच्या हंगामातील बचतीतून मुलीसाठी जुना टॅबलेट घ्यावा आणि तो पहिल्याच दिवशी अडून बसावा, यात पैशाचे नुकसान तर आहेच. शिवाय त्या मुलीचे अभ्यासाचे एक वर्ष त्यात गुंतलेले असते. गावातील शिक्षक किंवा पंचायत सदस्य खरेदीच्या वेळी अर्धा तास सोबत गेला, तर हे नुकसान टळू शकते. 'खाते निघाले, टॅबलेट समक्ष सुरू झाला, पावती मिळाली, मगच पैसे', एवढा साधा नियम घरोघरी पोहोचला, तरी पुष्कळ काम होईल.